सांधा आणि सवड

आमच्या भागात खुब्याचे पेशंट पट्टा पडल्यावर येतात. मार्च-एप्रिलमध्ये साखर कारखान्यांचं गाळप थांबतं, ऊसतोडीच्या टोळ्या सुटतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, कर्नाटक अशा सगळ्या बाजूंनी ट्रक-ट्रॅक्टर बीडकडे परत फिरतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या, लेकरं असतात आणि त्यातच कुणीतरी एक पाय लांब करून बसलेलं असतं. दिवाळीच्या आगेमागे फडात गेलं तेव्हापासून त्या माणसाचा पाय दुखत असतो. सहा महिने दुखणं अंगावर काढलेलं, गोळ्या खाऊन रेटलेलं. गावी आल्यावर दोन-चार दिवस शिणवटा काढायचा, घर झाडून घ्यायचं आणि मग तालुक्याला जाऊन एक्स-रेचा फोटो काढायचा, असा क्रम असतो. फोटोत खुबा गेलेला दिसतो, डॉक्टर शस्त्रक्रिया सांगतात आणि त्यांतली काही माणसं माझ्यापर्यंत पोचतात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. राहते अंबाजोगाईत, केज, धारूर, वडवणी, परळी या तालुक्यांतल्या गावांत आणि वस्त्यांवर जाऊन पेशंटकडून व्यायाम करून घेते. मांडीचा सांधा बदलायचा ठरला की शस्त्रक्रियेच्या आधी शरीर आणि घर तयार करायचं आणि नंतर माणूस पुन्हा पायावर उभा करायचा, हे माझं काम. हे काम करता करता माझं एक मत पक्कं झालं आहे. आमच्या जिल्ह्यात गरिबाला नवा सांधा मिळू शकतो. तो सांधा अंगी लागेपर्यंतची सवड मात्र त्याला कुणी देत नाही. शस्त्रक्रिया चांगली होऊनही पुढे पाय बिघडतो, तेव्हा मला त्यामागे बहुतेक वेळा ही न मिळालेली सवडच दिसते.

ऊसतोडीनेच खुबा जातो, असं मी म्हणणार नाही. तरुण माणसांत आमच्याकडे सर्वांत जास्त दिसतं ते गोळ्याचं हाड मरणं. मांडीचा सांधा उखळीचा असतो. मांडीच्या हाडाच्या टोकाचा गोळा कमरेच्या हाडातल्या खोबणीत फिरतो. या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या धमन्या बारीक असतात आणि त्या बंद पडल्या तर दुसरी वाट फारशी नसते. रक्त थांबलं की हाड आतून मरतं, वरून भार येत राहिला की खचतं, आणि गोल असलेला गोळा चपटा होतो. दारू, लांबलेली स्टेरॉइडची औषधं, गोळ्याच्या मानेचं जुनं फ्रॅक्चर, सिकलसेलसारखा रक्ताचा आजार ही त्याची ठाऊक असलेली कारणं. कधी कधी कारण सापडतही नाही. कोविडच्या लाटांनंतर स्टेरॉइड घ्यावं लागलेल्या काही तरुणांतही हे दुखणं दिसलं. फार सुरुवातीला साध्या फोटोत काही कळत नाही, एमआरआय करावा लागतो. त्या टप्प्यावर हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करण्यासारखे उपाय करून गोळा वाचवता येतो. आमचे पेशंट बहुधा तो टप्पा उसाच्या फडात काढून येतात.

एका पायावर उभं राहिलं की त्या खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर असतोच. आता त्या माणसाच्या डोक्यावर तीस-चाळीस किलोची मोळी ठेवा आणि त्याला अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढवा. आतून मेलेलं हाड हा भार किती दिवस पेलणार? आजारी पडून घरी बसलं तर खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापले जातात आणि हंगामाआधी घेतलेली उचल फिटत नाही. म्हणून मोळी उचलली जातेच.

दुखण्याची जागाही फसवी असते. खुब्याचं दुखणं जांघेत येतं, मांडीच्या पुढून उतरतं, कित्येकांना फक्त गुडघ्यात जाणवतं. मग वर्षभर गुडघ्याला तेल चोळलं जातं, कमरेला पट्टा बांधला जातो. बाजारच्या दिवशी मिळणाऱ्या साध्या कागदातल्या पुड्या घेतल्या जातात. दोन पुड्यांत दुखणं पळालं, असं कुणी सांगितलं की मला काळजी वाटते, कारण अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं आणि ज्या औषधाने दुखणं दबतं त्यानेच हाड मरत जातं. मी नव्या पेशंटला आधी तीन गोष्टी विचारते. मांडी घालून बसता येतं का, पायाच्या बोटांची नखं स्वतः काढता येतात का, आणि मोटारसायकलवर टांग टाकता येते का. तिन्हीला नाही म्हटलं, तर फोटो कमरेचा किंवा गुडघ्याचा न काढता खुब्याचा काढायला हवा. गावोगावच्या आशाताईंनाही मी हेच सांगत असते. जांघ दुखते आणि मांडी घालता येत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला पुड्यांवर ठेवू नका.

बायकांच्या खुब्याचा आणखी एक धागा आमच्या जिल्ह्यात आहे आणि तो सोडून पुढे जाता येत नाही. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं लहान वयात काढली जात असल्याचं २०१९ साली राज्यभर गाजलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जी पाहणी आली, तीत बीड जिल्ह्यातल्या सुमारे ब्याऐंशी हजार ऊसतोड महिलांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीचे दिवस, पांढरं जाणं, ओटीपोटाचं दुखणं, त्यात खाडा परवडत नाही. तेव्हा पिशवीच काढून टाकू, असा तो हिशेब. पिशवीबरोबर बीजकोशही काढले गेले असतील तर स्त्रीच्या हाडांचं रक्षण करणारं संप्रेरक तिशी-पस्तिशीतच आटतं आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. पुढे ओल्या न्हाणीत पाय घसरतो आणि मांडीच्या हाडाची मान मोडते. माझ्याकडे अशी बाई आली की पिशवी कधी काढली, हे मी विचारतेच. पन्नाशीच्या आतल्या बाईचा खुबा साध्या पडण्याने मोडला, तर तिचं दुसरंही हाड तपासायला हवं, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाकडे बघायला हवं, एवढं डॉक्टरांच्या कानावर घालणं हा मी माझ्या कामाचा भाग मानते.

सांधा बदलणं आज इतकं रुळलं आहे, त्याचं मोठं श्रेय जॉन चार्नली या इंग्लंडमधल्या शल्यविशारदाला जातं. १९६२च्या सुमारास त्यांनी धातूचा लहान गोळा आणि कठीण प्लॅस्टिकची वाटी अशी जोडी बसवली आणि दंतवैद्यांकडच्या अॅक्रिलिकसारखं सिमेंट वापरून ती हाडात पक्की केली. गोळा लहान ठेवला की घर्षण कमी होतं, हा त्यांचा विचार होता. पुढे सिमेंटशिवाय हाडच धातूला धरून वाढावं अशा रचना आल्या, चिनी मातीसारख्या सिरॅमिकचे गोळे आले, प्लॅस्टिक जास्त टिकाऊ झालं. आमच्याकडे महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्यामुळे हा सांधा मजुराच्या आवाक्यात आला, ही फार मोठी गोष्ट आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राच्या टेबलापुढे बसलेली, मंजुरी आली का म्हणून रोज विचारणारी माणसं मी पाहते. मंजुरी आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव येतो, त्याबद्दल मला सरकारी यंत्रणेविषयी कृतज्ञताच वाटते. काहींची शस्त्रक्रिया अंबाजोगाईत होते, काही लातूरला, सोलापूरला, छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला जातात. कुठेही झाली तरी माणूस परत येतो तो वस्तीवरच्या घरी.

म्हणून माझी तयारी घरापासून सुरू होते. तारीख पडायच्या आधी मी एकदा तरी घर बघते. झोपायला काय आहे? सुतळीची बाज असेल तर ती चालत नाही. ती मध्ये खचते, माणूस खोल जातो आणि उठताना खुबा नको इतका मुडपतो. लोखंडी पलंग असेल तर चारही पायांखाली विटा घालून उंच करायचा. बसायला हात असलेली भक्कम खुर्ची हवी आणि बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा वर जाता कामा नये. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची आधीच आणून ठेवायची. घरी आल्यावर बघू म्हटलं की पहिल्याच सकाळी अडचण उभी राहते. बाहेर जायची सवय असलेल्या म्हाताऱ्या माणसांना ही खुर्ची पटवणं अवघड असतं. त्यांना मी ती शस्त्रक्रियेच्या आधीच वापरायला लावते, म्हणजे लाज आधीच मोडते. उंबरठा उंच असेल तर बाहेरच्या बाजूने एक रुंद, सपाट पायरी करून घ्यायची. न्हाणीत शेवाळ घासायचं, धरायला एक पाइप भिंतीत पक्का बसवायचा. रात्री उठून जायच्या वाटेवर दिवा हवा आणि त्या वाटेवर शेळी बांधायची नाही.

घराइतकीच शरीराची तयारी. दात किडलेला असेल, लघवीला जळजळ असेल, अंगावर गळू असेल तर आधी ते बरं करायचं, कारण कुठूनही रक्तात शिरलेला जंतू नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतो आणि एकदा तिथे बसला की काढणं फार कठीण. अनवाणी राबलेल्या पायांच्या टाचांना भेगा असतात, बोटांच्या बेचक्यात चिखल्या असतात. त्यांना रोज धुऊन, कोरडं करून, मलम लावून बंद करायला काही आठवडे जातात. ऊसतोड बायकांचं रक्त बहुधा कमी असतं, ते वाढवावं लागतं. साखर आटोक्यात आणावी लागते. तंबाखू, गुटखा, मिश्री सोडावी लागते, कारण जखम भरायला लागणारं रक्त त्यांनीच आखडतं. मिश्री सोडणं बायकांना सर्वांत जड जातं. पहाटे चार वाजता उठून दिवसभर राबणाऱ्या बाईची ती एकच घटका स्वतःची असते. त्यामुळे मी त्यावर रागावत नाही. शेजारणीलाही बरोबर सोडायला लावते.

व्यायाम आधीच शिकवलेले बरे. शस्त्रक्रियेनंतर वेदनेत आणि भीतीत नवं काही शिकता येत नाही. घोटा वर-खाली हलवणं, गुडघा दाबून मांडीचा स्नायू आवळणं, पार्श्वभागाचे स्नायू आवळून धरणं, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठणं. वॉकर आधीच घेऊन अंगणात चालवून बघायचा. सरळ उभं राहून हात मोकळे सोडले की मनगटापाशी वॉकरची मूठ आली पाहिजे. आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. हा क्रम मी नातवंडांना पाठ करायला लावते. आजी चुकली की नातू ओरडतो आणि आजी ऐकते.

आणि मग येतो सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, ज्यासाठी मी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवते. पाणी कोण आणणार?

आमच्याकडे शस्त्रक्रियांचे महिने म्हणजे एप्रिल, मे, जून. हेच टँकरचे महिने. विहिरी तळाला गेलेल्या, हातपंप कोरडे. टँकर आला की हंडा-कळशी घेऊन धावावं लागतं आणि हे काम घरातल्या बाईचं, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. वॉकर धरलेल्या बाईचे दोन्ही हात अडकलेले असतात, तिला पेलाभर पाणीसुद्धा नेता येत नाही. तेव्हा हंडा कोण भरणार, भाकरी कोण थापणार, शेळ्यांना कोण सोडणार, हे शस्त्रक्रियेच्या आधी नावानिशी ठरलं पाहिजे. पहिल्यांदा विचारलं की पुरुष म्हणतात, करू की कसंही. मी म्हणते, कसंही नको, कोण ते सांगा. चूल जमिनीवर असेल तर ती ओट्यावर किंवा टेबलावर आणायची, कारण उकिडवं बसून भाकरी करणं बंद. एका वस्तीवर दीराने दगड-मातीचा ओटा दोन दिवसांत बांधला आणि मग शेजारच्या तीन घरांनीही तसाच बांधून घेतला. अशा गोष्टींनी मला फार बळ येतं.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेचा वेळ या सगळ्याच्या मानाने थोडा. मणक्यात भूल देतात, तास-दोन तासांत सांधा बसतो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. पहिल्यांदा उठताना घेरी येते, म्हणून आधी पाय सोडून बसवायचं, श्वास घ्यायला लावायचा, मग उभं करायचं. माणसं पायाकडे बघत राहतात. एक काकू म्हणाल्या, "बाई, दुखतंय खरं, पण ते आतलं दुखणं गेलं बघा." खुब्याच्या पेशंटकडून हे वाक्य मी निरनिराळ्या शब्दांत ऐकत आले आहे. जखमेची वेदना आणि मेलेल्या हाडाची वेदना यांतला फरक त्यांना पहिल्याच पावलाला कळतो. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवण्याचं औषध आणि घोटा सतत हलवणं, ही त्या दिवसांतली मुख्य कामं.

घरी आल्यावर नियम लागतात. मागच्या बाजूने सांधा उघडलेला असेल तर काही आठवडे, बहुधा सहा ते बारा, खुबा काटकोनापेक्षा जास्त मुडपायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. कुशीवर झोपताना दोन पायांत उशी ठेवायची. हे नियम मोडले तर गोळा वाटीतून निसटू शकतो; एकाएकी कळ, पाय आखूड आणि आत वळलेला दिसला तर लगेच दवाखाना गाठायचा. पोटरी सुजली, ताप आला, जखमेतून पाणी आलं तरी तसंच. तेल लावून चोळायचं नाही, हाडवैद्याकडे न्यायचं नाही. हे शेवटचं मी दोनदा सांगते, कारण प्रेमापोटी मालिश करणारी माणसं प्रत्येक घरात असतात.

नियम शरीराचे असले तरी मोडतात ते रीतीभातीमुळे. पाहुणे सतरंजीवर बसलेले आणि आपण खुर्चीवर, हे मोठ्या माणसांना अवघड वाटतं. एका सुनेने मला हळूच विचारलं, "सासऱ्यापुढं खुर्चीत बसू व्हय म्या? लोक काय म्हणतील?" मी तिच्या सासऱ्यांनाच जाऊन सांगितलं, "आबा, तुम्ही सांगितल्याशिवाय ती बसायची नाही आणि ती खाली बसली तर सांधा निखळेल." आबांनी सगळ्यांदेखत स्वतः खुर्ची ओढून दिली. त्या दिवसापासून घरातला तो प्रश्न मिटला. वाकून पाया पडणं, पंगतीला बसणं, देवापुढे लोटांगण, वैजनाथाच्या पायऱ्या, हे सगळं विचारलं जातं. पाया पडू नका, हात जोडा. पंगतीत पाट नको, खुर्ची मागा. देवळाच्या पायऱ्या तीन महिन्यांनी, कठडा धरून. मांडी घालून किंवा उकिडवं बसणं पुढे कधी जमेल, हे सांध्याच्या प्रकारावर आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यावर ठरतं. त्यांनी होकार दिल्याशिवाय मी ते करून घेत नाही. जमिनीवर जगणाऱ्या माणसासाठी हा केवढा मोठा बदल आहे, याची जाणीव ठेवूनच सांगावं लागतं.

दीड-दोन महिन्यांनी वॉकर सुटतो, काठी येते. काठी चांगल्या बाजूच्या हातात धरायची, म्हणजे नव्या खुब्यावरचा भार कमी होतो. याच काळात लंगडणं घालवावं लागतं. वर्षानुवर्षं दुखरा पाय टाळून चालल्याने कमरेच्या बाजूचे स्नायू वाळलेले असतात. एका पायावर उभं राहिलं की कंबर दुसरीकडे कलते. कुशीवर झोपून पाय वर उचलणं, भिंत धरून आडवं चालणं, एका पायावर तोल सांभाळणं, हे महिनोन् महिने करावं लागतं. दुखणं थांबलेलं असतं, म्हणून घरच्यांना वाटतं आता सगळं झालं. शरीराच्या दृष्टीने खरं काम तर आत्ता सुरू होतं.

आणि नेमक्या याच वेळी मजूर गोळा करणारा मुकादम येतो. पोळा-गणपतीपासून गावात उचलीची बोलणी सुरू होतात, दसऱ्यापर्यंत पैसे हातात पडतात. उचल जोडीला मिळते, नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गेला तर अर्धा कोयता, पैसे निम्मे. मे महिन्यात सांधा बदललेल्या बाईला ऑक्टोबरमध्ये फडात न्यायचं की नाही, हा प्रश्न घराच्या वर्षभराच्या पोटाचा असतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना, मग चालतच तर जायचंय, असं मला ऐकावं लागतं. मोळी उचलणं, सऱ्यांतून वाकून तोडणं, ट्रॉलीतून उडी मारणं, कोपीत जमिनीवर झोपणं, हे नव्या सांध्याला चालणार नाही, हे मी समजावते. ते ऐकतातही. मग ते दुसरा मार्ग काढतात. आईच्या जागी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी बापाबरोबर जाते.

या मार्गाने मला आतून हलवलं आहे. आईचा खुबा वाचावा म्हणून मी मागितलेली विश्रांती लेकीच्या शाळेतून वसूल होते. म्हणून आता मुलीच्या शाळेचं काय, हा प्रश्न मी माझ्या व्यायामाच्या कागदाइतकाच आवश्यक मानते. गावात हंगामी वसतिगृह आहे का, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काढलेल्या संत भगवानबाबा वसतिगृहांत जागा आहे का, याची चौकशी शिक्षकांच्या आणि आशाताईंच्या मदतीने पावसाळ्यातच करते. काही घरांत दुसरी वाट निघते. नवरा अर्धा कोयता म्हणून जातो किंवा ट्रॅक्टरवर राहतो, बाई मागे राहून शेळ्या बघते, गिरणी चालवते, शिवणकाम करते. बचतगटातून शेळ्या घेऊन घरीच राहिलेल्या एका मावशींनी पुढच्या हंगामालाही जायचं नाकारलं. लेक दहावीला बसली. त्या घरात सांधा खऱ्या अर्थाने बदलला, असं मी मानते.

सांध्याला आयुष्य असतं, हेही या माणसांना सांगावं लागतं. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमधल्या नोंदींवरून मांडलेल्या अभ्यासात मांडीच्या बदललेल्या सांध्यांपैकी सुमारे ५८ टक्के पंचवीस वर्षं टिकतात, असा अंदाज निघाला. तिकडे ही शस्त्रक्रिया बहुतेक साठी-सत्तरीत होते. आमचे पेशंट पस्तिशी-चाळिशीचे असतात आणि त्यांचं काम अधिक जड असतं. चाळिशीच्या बाईला हा सांधा साठी ओलांडेपर्यंत पुरवायचा असेल, तर आज ती त्यावर किती वजन टाकते, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. दुसऱ्यांदा सांधा बदलणं पहिल्यापेक्षा कितीतरी कठीण असतं.

कारखान्यात, गिरणीत पगारपत्रकावर असलेल्या कामगारासाठी १९४८च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आजारपणातला एक हिशेब घालून दिला. आजारी कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम. म्हणजे माणूस बरा व्हायला तीन महिने लागतात आणि तेवढे दिवस त्याची चूल पेटती राहिली पाहिजे, हे देशाने मान्य केलं आहे. पगारपत्रकावरच्या कामगाराला जे मिळू शकतं, ते साखर कारखान्याला ऊस तोडून देणाऱ्याला मिळत नाही, कारण कागदोपत्री तो मुकादमाचा माणूस आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आता आहे, कामगारांच्या नोंदी आणि ओळखपत्रांचं काम सुरू झालं आहे. शस्त्रक्रिया झालेल्या ऊसतोड कामगाराला तीन महिन्यांची मजुरी देण्याची तरतूद व्हायला याहून योग्य जागा मला दिसत नाही. सांध्यासाठी सरकार मोठी रक्कम खर्च करतंच. तो सांधा टिकावा म्हणून तीन महिन्यांची मजुरी देणं त्या खर्चाचं संरक्षण ठरेल. ज्या बाईची पिशवी खाड्याच्या भीतीने काढली गेली, तिला निदान खुबा बदलल्यावर खाड्याची भीती असू नये.

ते होईपर्यंत आम्ही आमच्या पातळीवर सवड गोळा करतो. शस्त्रक्रियेच्या आधी घरातल्यांना मी एक कागद लिहायला लावते. त्यावर पाणी कोण भरणार, भाकरी कोण करणार, टाके काढायला कोण नेणार आणि दसऱ्याला मुकादमाला काय सांगायचं, हे नावानिशी असतं. त्याखाली घरातल्या कर्त्या माणसाची सही किंवा अंगठा. या कागदाला कायद्याची किंमत नाही, पण सगळ्यांसमोर दिलेला शब्द आमच्या गावांत अजून पाळला जातो. ज्या घरांनी तो पाळला, त्या घरांतली माणसं आज काठीशिवाय बाजाराला जातात.